फायरप्लेसचा पायलट का विझत होता: नव्या घरातल्या तीन महिन्यांच्या नोंदी

शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये घर घेतलं. घर १९९८ सालचं, आम्हाला मात्र नवं. भारतात गॅस म्हणजे सिलिंडर आणि शेगडी एवढंच पाहिलेलं, त्यामुळे गॅसची फायरप्लेस हा प्रकार आमच्यासाठी पूर्ण अनोळखी होता. पायलट, म्हणजे तिच्यात सतत जळणारी आणि मोठी ज्वाळा पेटवणारी छोटी ज्योत, हा शब्दही नवाच. घरात दोन वर्षांची लेक आहे आणि थंडीसाठी सांगलीहून आई-बाबा आलेले आहेत. नोंदी मी माझ्यासाठी लिहायला घेतल्या होत्या. पण चूक सापडली ती या नोंदींमुळेच, म्हणून फारशी काटछाट न करता इथे देते आहे.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

किल्ल्या मिळाल्या. फायरप्लेस फॅमिली रूममध्ये आहे आणि तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं, मध्ये भिंत नाही. हे आज नुसतं लिहून ठेवते आहे, पुढे याचाच संबंध येणार होता.

खालची जाळीदार पट्टी पुढे ओढली की आत साखळीला लटकलेली पत्र्याची पाटी सापडते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, नैसर्गिक वायू, तासाला ३०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) आणि पेटवायच्या पायऱ्या. पाटीचा फोटो काढला आणि मॉडेल क्रमांकावरून मूळ पुस्तिका उतरवून घेतली. आधीच्या मालकांनी पुस्तिका ठेवली नव्हती.

कुणीही सगळ्यात आधी पाहावं ते हे: फायरप्लेस जळण्यासाठी हवा कुठून घेते? घराच्या बाहेरच्या भिंतीवर पत्र्याचं चौकोनी तोंड असेल तर ती बहुधा डायरेक्ट व्हेंट. नळीत नळी असते, बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि काच सीलबंद असते. आमच्याकडे भिंतीवर काही नाही, छपरावर फक्त एक गोल नळी. आमची आहे बी-व्हेंट. ही खोलीतलीच हवा घेते आणि धूर गरम होऊन वर जातो, एवढ्याच भरवशावर चालते. आपल्या चुलीवरच्या धुराड्याचंच तत्त्व.

२१ सप्टेंबर, शनिवार

फायरप्लेस पेटवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचे (अर्धवट जळणातून निघणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म पाहिले. वरच्या मजल्यावर एक होता, चाचणीचं बटण दाबलं की वाजायचाही. काढून मागची बाजू पाहिली तर बनावटीचं साल २०११. हे अलार्म सात ते दहा वर्षांत बाद होतात. बटण दाबल्यावर फक्त भोंगा तपासला जातो, आतला सेन्सर नाही. आमच्या इलिनॉय राज्यात २००७ पासून कायदा आहे की झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत अलार्म हवा. आई-बाबांची खोली तळमजल्यावर, तिथे एकही नव्हता.

आकडा दाखवणारे तीन नवे घेतले, १२६ डॉलर. एक आई-बाबांच्या दाराबाहेर, एक वर, एक तळघरात. आकड्याचा आग्रह का, तर साधा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) कमीत कमी तासभर थांबतो, मग वाजतो. ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत वाजतो. तीस-पस्तीसवर बराच वेळ राहिलं तरी तो गप्पच असतो. आकडेवाल्यावर एक बटण असतं, मधल्या काळात सर्वांत जास्त किती झालं होतं ते दाखवणारं. ते बटण रोज दाबायचं असं ठरवलं होतं. मी दाबलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्यांदा पेटवली. तासभर गेला आणि त्यातला बराचसा गॅसच्या चावीत. फायरप्लेसच्या डावीकडे जमिनीत पितळी चकती आहे, तिच्यात लांब चावी घालून फिरवायची.

मग खालचं बटण ‘बंद’वर ठेवून पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणं टाळू नका. आत साचलेला गॅस एकदम पेटला तर पुढची काच फुटू शकते. थांबताना वास घ्यायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. आपल्याला वास घ्यायची सवय त्यामुळे जमिनीलगत. इथला नैसर्गिक वायू हलका, वर जातो. दोन्हीकडे हुंगून पाहिलं. नंतर बटण ‘पायलट’वर नेऊन दाबून धरलं आणि खटका वाजवला. ज्योत लागली, बटण सोडलं, विझली. असं चार वेळा. पाटीवर स्पष्ट लिहिलंय की ज्योत लागल्यावर बटण मिनिटभर दाबूनच ठेवा. मी दहा सेकंदांत सोडत होते. ज्योतीत एक धातूची काडी असते, थर्मोकपल. ती तापून तिच्यातून थोडी वीज निघाली तरच झडप उघडी राहते. ज्योत विझली की काडी गार होते आणि गॅस आपोआप बंद होतो.

भिंतीवरचा स्विच दिव्याच्या स्विचसारखा दिसतो, पण त्यात घरातली १२० व्होल्टची वीज नसते. पायलटच्या उष्णतेवर तयार होणारी अर्ध्या व्होल्टच्या आसपासची वीज त्यातून जाते. म्हणून वीज गेली तरी फायरप्लेस चालते. तो स्विच बदलायचा झाल्यास शेजारच्या दिव्याची तार चुकूनही त्याला जोडू नका.

काच चाळीस मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजली: २१४ अंश सेल्सिअस. बंद करून पाऊण तास झाला तरी ६१. अमेरिकेत २०१५ पासून बनलेल्या गॅस फायरप्लेसना काचेपुढे संरक्षक जाळी द्यावी लागते. आमची १९९८ ची, काच उघडी. त्याच रात्री दुकानात जाऊन भिंतीला स्क्रूने बसणारं कुंपण आणलं, १४० डॉलर. ते लागेपर्यंत फायरप्लेस बंद. लेकीला “हात लावू नको” सांगून भागणार नव्हतं. ती उजेडाकडे जाते आणि तोल सांभाळायला दोन्ही तळवे पुढे टेकवते.

९ ते १३ ऑक्टोबर

रोज सकाळी पायलट विझलेला. रात्री पेटता, सकाळी नाही. तीन दिवस मी वाऱ्याला दोष देत होते. चौथ्या रात्री पाणी प्यायला उठले तर बाबा वाकून जमिनीतली चावी फिरवत होते.

“झोपताना रेग्युलेटर बंद करायचा असतो ना गं,” ते म्हणाले.

चाळीस वर्षांची सवय, आणि सिलिंडरसाठी अगदी योग्य. मी त्यांना समजावलं की इथे पायलट चोवीस तास जळतो आणि विझला तर झडप आपली आपण बंद होते. त्यांनी विचारलं, “मग गॅस फुकट जळतो तो किती?” हिशोब केला. पायलट तासाला साधारण ९०० बीटीयू खातो, म्हणजे महिन्याला साडेसहा थर्म (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू). बाबांचं म्हणणं उन्हाळ्यापुरतं मान्य केलं: मे ते सप्टेंबर चावी बंद. चावी फायरप्लेसच्या वर खिळ्याला टांगली. आणीबाणीत ती शोधत बसायला नको.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काचेवर पांढरी साय धरली होती. स्वयंपाकघरातला निळा फवारा मारून पुसली. चूक. अमोनिया असलेला द्रव या काचेला चालत नाही. पुढच्या वेळी पेटवल्यावर खालच्या कोपऱ्यात ढगासारखा डाग भाजून कायमचा बसला. फायरप्लेसच्या काचेचं वेगळं क्लीनर मिळतं, १४ डॉलरला. तेही काच पूर्ण गार असतानाच वापरायचं.

त्याच उत्साहात सिरॅमिकचे शोभेचे, न जळणारे ओंडके बाहेर काढून धूळ झटकली आणि अंदाजाने परत ठेवले. फोटो काढला नव्हता.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा फराळ. आई आणि मी दुपारी दोनपासून चकल्या, शेव, करंज्या तळत होतो. बाहेर गारठा, म्हणून फायरप्लेस चालू. साडेचारच्या सुमारास ती विझली, पायलटसकट. पुन्हा पेटवली, वीस मिनिटांनी पुन्हा विझली. बाबांनी चावीला हात लावला नव्हता, मी खात्री करून घेतली.

संध्याकाळी आईचं डोकं जड झालं. तळणाच्या वासाने, असं आम्ही धरून चाललो.

३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी साडेसहाला पायलट विझला. नवरा मटण शिजवत होता.

ओंडक्यांवर आणि काचेच्या वरच्या भागात काजळी दिसली. गॅसच्या ज्वाळेने काजळी धरणं म्हणजे जळण अर्धवट होतंय, आणि अर्धवट जळण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हे मला पुस्तिकेतून कळलं. पण दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटलं नाही. पायलट विझतोय म्हणजे थर्मोकपल गेलं, असं ठरवून टाकलं. नवीन मागवलं, ३२ डॉलर.

७ आणि ९ नोव्हेंबर

थर्मोकपल बदललं, दोन तास गेले. त्याची नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा पान्याने द्यायची. जास्त आवळली तर टोक चेपतं.

शनिवारी ओंडके पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे लावले. मधला ओंडका मी उलटा ठेवला होता, त्यामुळे ज्वाळा थेट त्याच्या पोटावर आदळत होती. ज्वाळा ओंडक्यांच्या मधून वर निघाली पाहिजे, ओंडक्यावर आपटता कामा नये. बर्नरवर पसरायची, निखाऱ्यासारखी दिसणारी न जळणारी लोकरही मी भरपूर टाकली होती, तिने भोकं बुजली होती. निम्मी काढली. ज्वाळेचा बुंधा निळा झाला. काजळी पुसायला तीन तास.

१० नोव्हेंबर, रविवार

सहा वाजून पन्नास मिनिटांनी विझला. थर्मोकपल नवं, ओंडके जागेवर, तरीही.

रागाच्या भरात थर्मोपाइलही (भिंतीवरच्या स्विचची ती अर्ध्या व्होल्टची वीज तयार करणारा भाग) मागवलं, ५८ डॉलर. आधी मल्टिमीटरने मोजलं असतं तर जुनंच ठणठणीत असल्याचं कळलं असतं. नंतर मोजलं: ५४० मिलिव्होल्ट, उत्तम. हे ५८ डॉलर वाया गेले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लेक झोपल्यावर या नोंदी नवऱ्याला वाचून दाखवत होते. त्याने मध्येच थांबवलं.

“हे सगळे रविवार आहेत.”

रविवारी आमच्याकडे मोठा स्वयंपाक असतो. रविवारी हूड पूर्ण वेगाने चालतो. भारतात ज्याला आपण किचनची चिमणी म्हणतो तोच, फक्त दांडगा. आधीच्या मालकांनी स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा बसवलेला, मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकणारा. घर विकत घेताना आम्हाला त्याचंच कौतुक वाटलं होतं, की फोडणीचा खाट घरात राहणार नाही.

६०० घनफूट हवा बाहेर जाते, तर तेवढी आत कुठून येते? खिडक्या बंद, दारं बंद, इथली घरं फटी बुजवलेली. हवा सर्वांत सोप्या मोकळ्या वाटेने येणार, आणि ती वाट म्हणजे फायरप्लेसचं धुराडं. धूर वर जायचा तिथून हवा खाली येत होती.

उठून आई-बाबांच्या दाराबाहेरच्या अलार्मचं ते बटण दाबलं. ३४.

२१ सप्टेंबरपासून कधीतरी, बहुतेक फराळाच्या दिवशी, तिथे ३४ पीपीएमपर्यंत गेलं होतं. अलार्म वाजला नाही, कारण तो एवढ्यावर वाजण्यासाठी बनवलेलाच नाही. आई त्या दिवशी साडेचार तास कढईपाशी उभी होती. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चाचणी. घराची सगळ्यात वाईट स्थिती मुद्दाम तयार करायची: खिडक्या-दारं बंद, हूड पूर्ण वेगात, कपड्यांचा ड्रायर चालू, दोन्ही बाथरूमचे पंखे चालू. फायरप्लेस पेटवून पाच मिनिटं थांबायचं. मग वरच्या जाळीपाशी धूर धरायचा. आईने देवघरातून उदबत्ती आणली.

धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ माझ्या तोंडावर आला. बाबांनी चष्मा काढून जाळीपाशी धरला, काचा लगेच धुकट झाल्या. जळताना तयार होणारी वाफ होती ती, छपरावरून बाहेर जायची ती खोलीत येत होती. लगेच सगळं बंद केलं, दारं उघडली. चाचणीभर लेक आणि नवरा बाहेर होते आणि नवा अलार्म माझ्या पायाशी होता. चाचणी करणार असाल तर एवढं पाळा.

दुसऱ्यांदा स्वयंपाकघराची खिडकी उघडून पाहिलं. दोन इंच उघडी: धूर घोटाळला, ना आत ना बाहेर. चार इंच: आत गेला. हूड सर्वांत कमी वेगावर आणि खिडकी बंद: हळूहळू, पण आत.

“आपल्या चुलीचं असंच व्हायचं,” आई म्हणाली. “परसदार लावून घेतलं की धूर घरात.”

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गॅसच्या उपकरणांचं प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ आला. भेटीचे १८५ डॉलर, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत सार्थकी लागलेले हेच.

पायलट का विझतो ते त्याने पाच मिनिटांत दाखवलं. वरच्या जाळीमागे दोन तारांचा बटणाएवढा स्विच आहे. धूर उलटा येऊन तिथे तापला की तो थर्मोकपलची वाट तोडतो आणि सगळं बंद होतं. मी जो बिघाड समजून दोन सुटे भाग मागवले, तो बिघाड नव्हताच. घर वाचवणारा भाग आपलं काम करत होता. तंत्रज्ञ म्हणाला की पायलट सारखा विझतो म्हणून या दोन तारा एकमेकींना जोडून टाकलेल्या फायरप्लेस त्याला अनेकदा दिसतात. कुणीही, कितीही त्रास झाला तरी, हे करू नका.

मग त्याने विचारलं, “गरम पाण्याचा हीटर कुठे आहे?”

तळघरात. बाबा त्याला बंबच म्हणतात. तोही गॅसचा, तोही तळघरातली हवा घेऊन धूर नळीने वर सोडणारा. टॉर्च मारून त्याने टाकीचा माथा दाखवला. गरम आणि गार पाण्याच्या नळांभोवती लाल आणि निळं प्लास्टिकचं कडं असतं. आमच्या बंबाची दोन्ही कडी वितळून मेणबत्तीच्या ओघळांसारखी खाली लोंबत होती. नळीच्या खालच्या तोंडाभोवती गंज. गरम धूर कितीतरी वेळा उलटा येऊन टाकीवर पसरला होता. आम्ही येण्याआधीपासून.

फायरप्लेसला तो स्विच तरी होता. या बंबाला तसं काहीच नाही. तो विझत नाही, कुरकुर करत नाही, उन्हाळ्यातही चालतो. फायरप्लेस रविवारी विझली नसती तर आम्ही तळघरात जाऊन टाकीचा माथा कधी पाहिला असता?

हूड आणि ड्रायर चालू ठेवून त्याने दाब मोजला. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा ९ पास्कलने कमी दाबाची. धुराड्याची ओढ त्यापुढे टिकत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काम होईपर्यंतचे नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावले. हूड चालू तर फायरप्लेस बंद. हूड लावला की खिडकी चार इंच उघडी. तळण असेल त्या दिवशी ड्रायर लावायचा नाही. झोपताना फायरप्लेस बंद, पायलट चालू. गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच न दाबता सगळ्यांनी घराबाहेर, फोन बाहेरून. अलार्म सलग चार वेळा टूं-टूं करून थांबला तर तो कार्बन मोनॉक्साइडचा, तेव्हाही आधी बाहेर. बाबांसाठी शेवटच्या दोन ओळी मोठ्या अक्षरात. एकटे असताना काय करायचं, हे त्यांना माहीत असायलाच हवं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

तीन कोटेशनं घेतली. फायरप्लेस काढून डायरेक्ट व्हेंट बसवायला ६,२०० डॉलर. हूडसाठी बाहेरून हवा आणायची वेगळी नळी १,६५० डॉलर. बंब बदलून पंख्याने धूर बाहेर ढकलणारा बसवायला २,७०० डॉलर.

पैसे आधी बंबाला दिले. तो तसाही सोळा वर्षांचा होता आणि रोज चालणारा. नंतर हवेची नळी. तिच्या तोंडाशी मोटरची झडप आहे, हूड सुरू झाला की ती उघडते आणि बाहेरची हवा फर्नेसच्या (सगळं घर तापवणाऱ्या यंत्राच्या) परतीच्या नळीत सोडते, म्हणजे ती तापून घरात येते. इथल्या निवासी बांधकाम संहितेत मिनिटाला ४०० घनफुटांहून मोठ्या हूडला अशी भरपाईची हवा सांगितलेली आहे. आमच्या हूडला ती कधीच दिली गेली नव्हती. परवाना काढून काम केलं, तपासनीस येऊन पाहून गेला. परवान्याने आठ दिवस लांबलं, पण ते मान्य आहे.

डायरेक्ट व्हेंट यंदा नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पुन्हा तीच चाचणी. सगळं बंद, सगळे पंखे चालू. पहिल्या प्रयत्नात धूर खोलीत. घाबरून बंद केलं. तळघरात जाऊन पाहिलं तर झडप उघडलीच नव्हती, हूडच्या नळीतल्या सेन्सरची तार सैल होती. कंत्राटदाराला फोन केला, त्याने फोनवरच कुठे खोचायची ते सांगितलं. दहा मिनिटांनी दुसरा प्रयत्न.

आईने उदबत्ती जाळीपाशी धरली. धुराची रेघ किंचित थरथरली, वाकली आणि जाळीच्या फटीत सरळ आत गेली. हूड पूर्ण वेगात होता. बाबांनी चष्मा धरून पाहिला, काचा स्वच्छ.

मटण नवऱ्याने केलं. फायरप्लेस रात्री दहापर्यंत चालू होती, विझली नाही. तिन्ही अलार्मचं बटण दाबलं: शून्य, शून्य, शून्य. आता ते दर रविवारी रात्री दाबते आणि आकडा इथे लिहिते.

फायरप्लेसची पुढची तपासणी सप्टेंबर २०२५, थंडी सुरू होण्याआधी. उन्हाळ्यात पायलट बंद असेल तेव्हा त्याच्या बारीक नळीत कोळी जाळं करतात, ते तेव्हा फुंकून घ्यायचं आहे. अलार्मची मुदत २०३४ पर्यंत.